खेळ फुकटाचा, मोल माहितीचे

(भाषणाचा मजकूर)



वऱ्हाडची क्रीडापरंपरा जुनी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. मैदानात खेळू इच्छिणाऱ्या मुलाला वडिलांच्या परिचितांची यादी मागण्याचे कोणास कारण नव्हते. मोबाइलवरील अनेक खेळ मात्र ती मागतात.

२०२० साली साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने मोबाइल मुलांच्या हाती आला. अमरावती-अकोल्याकडील अनेक शेतकरी कुटुंबांत घरात एकच फोन असतो. बँकेचे संदेश त्यावरच येतात, कापूस-तुरीच्या भावाची चौकशीही त्यावरच होते. अशा फोनवर मुलाने खेळाला दिलेली परवानगी साऱ्या घराची परवानगी ठरते. खेळाला पैसे पडत नाहीत हे खरे. परंतु जाहिरातदारांच्या उपयोगाची माहिती हेच त्याचे मोल असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली. माहिती अनधिकृतपणे देशाबाहेर जात असल्याच्या तक्रारी त्यामागे होत्या. १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती असावी, अशी तरतूद २०२३ च्या कायद्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले आहे. तथापि, केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही. एक खेळ जातो, दुसरा येतो. मुलांच्या हाती चांगला पर्यायही द्यावा लागतो.

हा पर्याय मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आहे. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेपुढे खुला असतो, त्याप्रमाणे या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असते. प्रत्येक ग्रामस्थ हिशेब तपासतोच असे नाही. परंतु तो तपासता येतो, यातच त्याची विश्वासार्हता आहे. २००० साली सुरू झालेल्या ‘जीकॉम्प्री’मध्ये २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी अंकगणित, अक्षरओळख, बुद्धिबळ असे शंभरांहून अधिक खेळ आहेत. ‘टक्स पेंट’ चित्रकलेसाठी, तर ‘सुपरटक्सकार्ट’ शर्यतीसाठी आहे. हे खेळ विनामूल्य असून इंटरनेटशिवायही चालतात. केरळने शासकीय शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच उभारले आहे.

या दृष्टीने तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. शाळेच्या संगणकावर असे खेळ बसवावेत. पालकसभेत फोनमधील परवानग्या कशा पाहाव्यात व कशा काढून घ्याव्यात, हे शिक्षकांनी प्रत्यक्ष दाखवावे. आणि कोणतेही ॲप स्वीकारण्यापूर्वी ते कोणती माहिती घेते, हे पंचायतीने विचारावे.

घराचे दार कोणासाठी उघडावे हे घरातील वडीलधारे ठरवतात. हातातील फोनचे दारही त्यांच्याच विचाराने उघडले जावे.