सीडीतलं गाणं आणि बाटलीवरची चिठ्ठी



गाण्यावर बोलायला डॉक्टर कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. मी गाणारा नव्हे, ऐकणारा. गेल्या पावसाळ्यात दवाखाना आटोपल्यावर रोज थोड्या, अशा घरातल्या तीनशे सीड्या संगणकावर उतरवून घेतल्या. बेळगावात अशा सीड्या घरोघरी आहेत, त्या वाजवणारी यंत्रं मात्र बंद पडत चालली आहेत. म्हणून अनुभव सांगतो.

पहिली गोष्ट क्रमाची. मी सुरुवात कंपन्यांच्या छापील सीड्यांपासून केली. ते चुकलं. छापील सीडी पुष्कळ टिकते, आणि तेच गाणं दुसरीकडे मिळूही शकतं. घरी किंवा दुकानात ‘राइट’ केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. तो उन्हानं, उष्णतेनं विटतो. ती आधी घ्या. पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका.

दुसरी गोष्ट, कशात साठवायचं. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने आकड्यांत नोंदलेले असतात. एमपी-थ्री करताना त्यातला काही भाग कायमचा गळतो. फ्लॅकमध्ये काही गळत नाही, तरी जागा साधारण निम्मीच लागते. माझ्या तीनशे सीड्या सव्वाशे जीबीच्या आत बसल्या. एक प्रत घरी ठेवली, दुसरी मुलीकडे.

तिसरी गोष्ट नावाची. बहुतेक सीड्यांवर गाण्यांची नावं नोंदलेलीच नसतात. संगणक ‘ट्रॅक ०१’ लिहून मोकळा होतो. आमच्या होमिओपॅथीत सगळ्या गोळ्या पांढऱ्या, सगळ्या गोड. चिठ्ठी निघाली की बाटली निकामी. चाखून औषध ओळखता येत नाही.

१९८७ साली दशलक्षण पर्वात आईनं बस्तीत म्हटलेली पदं वडिलांनी कॅसेटवर घेतली होती. पुढं मी ती सीडीवर करून घेतली आणि कॅसेट टाकून दिली. सीडी दवाखान्याच्या खिडकीत पडून राहिली. छापील सीड्या संपल्यावर ती लावली. सात पदांपैकी चारच निघाली. चौथ्यात आईच्या मागून आणखी एक बाई म्हणते, आवाज आईपेक्षाही गोड. कोण ती? आई जाऊन बरीच वर्षं झाली. आत्याला नक्की ठाऊक असणार होतं. ती पावसाळ्याच्या सुरुवातीलाच गेली, मी छापील सीड्यांत गुंतलो होतो तेव्हा.

म्हणून सांगतो, घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा आणि मग सीडी लावा. कोण गातंय, कुठं, कोणत्या साली, पेटीवर कोण, हे विचारा आणि लगेच टाइप करा.

माझ्या त्या फाइलचं नाव आजही ‘पद ४ – आई आणि’ एवढंच आहे. त्या वर्षी बस्तीत येणारं तुमच्यापैकी कुणी असेल, तर एकदा दवाखान्यात या. मी ऐकवतो.