गांजा, कोरडवाहू शेतकरी आणि शासनाचे सोवळे

(बीड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नशाबंदी हा आपल्या चळवळीचा जुना कार्यक्रम. त्यामुळे गांजावरील बंदी उठवावी असे मी म्हणताच काहींच्या भुवया उंचावतील, आणि त्यांत मला आदरणीय अशी वडीलधारी मंडळीही असतील. त्यांना विनंती एवढीच, की या बंदीचे फटके कोणाच्या पाठीवर बसतात ते आधी पाहावे.

कपाशीच्या वा तुरीच्या ओळींत गांजाची झाडे सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम २० नुसार अशा लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाडे पाच की पाचशे, हा भेद त्या कलमाला ठाऊक नाही.

आता दुसरी बाजू. आष्टी, पाटोदा, धारूर, केज येथून मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्या उसाची साखर होते, मळीपासून मद्यार्क निघतो, आणि दारूवर शासन उत्पादन शुल्क वसूल करते. आमच्या माणसाच्या कोयत्याने तोडलेला ऊस बाटलीत शिरला की तो महसूल. त्याच माणसाने आपल्या माळरानाच्या तुकड्यात गांजा लावला की तो गुन्हेगार! वैजनाथाच्या परळीजवळ राहणाऱ्यांनी तरी भांग-गांजा हे परदेशातून आलेले पाप आहे असे म्हणू नये.

आणि अफू? याच कायद्याखाली मंदसौर-नीमच भागातील शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतो व सरकार ती विकत घेते. अफूहून सौम्य अशा झाडाला मात्र तुरुंग. सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने २०२१ साली गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. कारण कोणत्याच पिकाला हमखास भाव नाही. लोकांनी तो अर्ज विनोद म्हणून वाचला. मला तो विनोद वाटला नाही.

इंग्रजांच्या हेम्प ड्रग्ज कमिशनने १८९३-९४ मध्ये देशभर साक्षी घेतल्या. बेताचे सेवन सहसा अपाय करीत नाही, सरसकट बंदी अनावश्यक आहे, परवाना आणि कर यांनी नियंत्रण ठेवावे, असे त्याचे मत पडले. पुढे १९१७ साली बंगालमध्ये नौगाव येथे गांजा उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. परवानाधारक शेतकऱ्यांचा माल ती एकत्रित विके आणि उत्पन्नातून शाळा-दवाखान्यांनाही हातभार लावी. सहकाराचा अभिमान सांगणाऱ्या महाराष्ट्राला हा दाखला अपरिचित असावा, हे नवल आहे.

गांजा निरुपद्रवी आहे असा माझा दावा नाही. कोवळ्या वयात त्याची सवय लागली तर मनोविकाराचा धोका वाढतो. म्हणून वयाची अट कडक हवी. परंतु प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराचे काय करावे हे पोलीस शिपायाने ठरवावे काय? कॅनडाने २०१८ साली आणि जर्मनीने २०२४ साली याचे उत्तर 'नाही' असे दिले.

ऊसतोड करणाऱ्या भगिनी विचारतील, घरात दारू आहेच, आणखी एक व्यसन कशाला? हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. गांजा खुला झाल्याने दारू सुटेल असे आश्वासन मी देणार नाही. पण आजही तो गावोगाव चोरून मिळतो, आणि विकणारा वय विचारीत नाही. नवरा त्यात पकडला गेला, तर वकिलासाठी आणखी एक उचल तिच्याच अंगावर पडते.

धागा आणि बियांसाठी भांगेच्या झाडाची लागवड करू देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे; उत्तराखंडाने २०१८ साली तसे परवाने दिले. आपण सुरुवात तेथून मागावी, आणि पुढील सवलतीसाठी संसदेकडे कायदादुरुस्तीचा आग्रह धरावा. परवाना अल्पभूधारकालाच, क्षेत्राला मर्यादा, खरेदी उत्पादकांच्या सहकारी संस्थेमार्फत. हे परवाने कारखानदारांच्या आणि बड्या कंपन्यांच्या घशात जाणार असतील, तर त्या विधेयकाविरुद्धच्या मोर्चात मी पुढे असेन.