वाट, वाड आणि वहिवाट
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज मी भावावर बोलणार नाही, कर्जावरही बोलणार नाही, असं कार्यकर्त्यांना सांगितलं तेव्हा ते जरा दचकले. त्यावर बोलणारे मागून आहेत. मी एका शब्दावर बोलणार आहे. शब्द दोन अक्षरी आहे आणि तुमच्यापैकी प्रत्येकाच्या तोंडात रोज येतो. तो शब्द म्हणजे वाट.

मी भाषेचा पंडित नाही. सव्वातीन एकरांचा धनी आहे. शब्दकोश उघडायची पाळी माझ्यावर आली ती वाट बंद झाली म्हणून. २०११ सालच्या उन्हाळ्यात आमच्या भावकीतला एक तुकडा विकला गेला. नव्या मालकाने पहिल्या पावसाआधी काटेरी तार ओढली आणि आमची गाडीवाट नांगरून टाकली. मी म्हटलं, बसून मिटवू. गावातले चार जण म्हणाले, बसून मिटवू. बसण्यातच पावसाळा गेला, दिवाळी गेली. ऊस तोडणीला आला तर ट्रॅक्टर शेतात जाईना. मुकादम म्हणाला, डोक्यावर मोळ्या वाहायच्या तर टोळी येणार नाही. फड उभा राहिला, तुरे आले, वजन घटलं. मग मी कचेरीत गेलो.

तिथल्या कारकुनाने विचारलं, ‘वहिवाट किती वर्षांची?’ म्हटलं, ‘आजा-पणजापासूनची.’ ‘पुरावा?’ म्हटलं, ‘चाकोरी आहे की.’ तो म्हणाला, ‘ती तर नांगरली ना?’

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन कोश काढला.

आता गंमत बघा. संस्कृतात ‘वर्त्मन्’ असा शब्द आहे. त्याचं मूळ ‘वृत्’ म्हणजे वळणं, फिरणं. वर्त्मन् म्हणजे चाकाने पाडलेली चाकोरी, आणि त्यावरून रस्ता. लोकांच्या तोंडी, प्राकृतात, त्याचं ‘वट्ट’ झालं आणि मराठीत ‘वाट’. कर्माचं कम्म आणि कम्माचं काम झालं, सप्ताचं सत्त आणि सत्ताचं सात झालं, तीच ही रीत. हिंदीवाल्यांची ‘बाट’ ती हीच. म्हणजे मी कारकुनाला चाकोरी दाखवत होतो, तेव्हा शब्दाचा मूळ अर्थच दाखवत होतो. पण कोश काही कचेरीत पुरावा म्हणून चालत नाही.

‘मार्ग’सुद्धा असाच. त्याचं नातं ‘मृग्’ शी, म्हणजे शोधण्याशी, माग काढण्याशी. आपला ‘माग’ त्यातूनच आला. ‘रस्ता’ मात्र फारशीतून आला. आणि बोलताना आपण फरक करतोच. सरकारने केला तो रस्ता, ती सडक. माणसाच्या पायाने आणि बैलाच्या खुराने पडली ती वाट. पायवाट, गाडीवाट, आडवाट. कुणी कंत्राट घेऊन पायवाट पाडली असं ऐकलंय का?

आता दुसरी गोष्ट. संस्कृतात हुबेहूब ‘वाट’ असाही एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ काय? कुंपण, कुंपणाने घेरलेली जागा! पण तो आपल्याकडे ‘वाट’ राहिला नाही. वटाचा वड झाला, घटाचा घडा झाला, तसा त्याचा वाडा झाला, वाडी झाली. म्हणजे रस्त्याचा शब्द आणि कुंपणाचा शब्द इतके शेजारी-शेजारी राहतात की एकमेकांचा बांध कोरावा. शिवारात जे चाललंय तेच कोशातही.

आणि ‘वाटणी’? ऐकायला वाटेची बहीण वाटते, पण तिचं कूळ निराळं. ती ‘वण्ट्’ म्हणजे विभागणे, त्यातून आलेली. कूळ निराळं असलं तरी वाटेचा जीव घेणारी तीच. बापाचे आठ एकर चार भावांनी उभे चिरले. पुढच्याला रस्ता आला, विहीर आली. मागच्याला जमीन आली, पण तिथे जायचं कसं हे कुणी लिहून ठेवलं नाही. बाप होता तोवर शेत एकच होतं, त्यात वाट कशाला लिहायची? वाटणीपत्र करताना आपण आंब्याच्या झाडाची फळंसुद्धा लिहितो आणि वाट विसरतो. पुढच्या भावाने तुकडा विकला की मागच्या भावाची बायको धुऱ्याने डोक्यावर खताचं पोतं घेऊन चालते. हे मी कोशातून सांगत नाही. इथे बसलेल्या किती बायांनी ते पोतं वाहिलंय ते त्यांना विचारा.

आता कारकुनाचा शब्द घेऊ: वहिवाट. ह्यात ‘वाहणं’ आहे. पाणी वाहतं, ओझं वाहतात, आणि आपण शेतही वाहतो. कसतो म्हणायच्या जागी वाहतो म्हणणारी गावं आजही आहेत; वहीत जमीन, वाहिती हे शब्द तिथलेच. वहिवाट म्हणजे चालू असलेला वापर, कब्जा, कारभार. बडोदे संस्थानात तालुक्याच्या अधिकाऱ्यालाच वहिवाटदार म्हणत. कागद नसला तरी रोज वापरलं, उघडपणे वापरलं, कुणी हरकत घेतली नाही, तर त्या वापराचाच हक्क होतो, हे आपल्या लोकांना कायद्याच्या आधीपासून ठाऊक होतं. इंग्रजांनी १८८२ च्या कायद्यात तेच लिहिलं: २० वर्षं अखंड, उघड, हक्क म्हणून वापर. शेजाऱ्याच्या परवानगीने चाललात तर मात्र तो हक्क होत नाही. ‘दादा, जाऊ का तुमच्या बांधावरून?’ असं दर हंगामात विचारणारा माणूस चांगला, पण कायद्यापुढे तो पाहुणा.

नकाशाकडे या. मोजणीची जुनी शंकुसाखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. गावनकाशावर पायमार्ग ८¼ फुटांचा धरतात, म्हणजे साखळीचे चार आणे. ग्रामीण गाडीमार्ग १६½ ते २१ फुटांचा. १६½ म्हणजे आठ आणे, अर्धी साखळी. पायमार्ग एका तुटक रेघेने दाखवतात, गाडीमार्ग दोन तुटक रेघांनी. ह्या वाटांना वेगळा सर्व्हे नंबर नसतो. त्यांचं क्षेत्र ज्या-त्या नंबरातल्या पोटखराब्यात पडतं. भांडणाचं मूळ तिथे आहे. नवा खरेदीदार सातबारा बघतो, आपलं नाव बघतो, आणि म्हणतो सगळं माझं. पोटखराबा काय म्हणून लिहिलाय हे तो विचारत नाही, आणि विकणाराही सांगत नाही. सार्वजनिक वाटेसाठी ठेवलेला पोटखराबा वर्ग ब मध्ये मोडतो, तो नांगरायचा नसतो.

माझं काय झालं ते सांगतो, म्हणजे तुमचं तसं होणार नाही. चालू वाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा आहे, कलम ५. तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. माझे आठ महिने ‘बसून मिटवू’ मध्ये गेले होते. चाकोरी पणजापासूनची आणि मी चुकलो दोन महिन्यांनी! मग दुसरा दरवाजा राहिला: जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. हा दुसऱ्याच्या नंबराच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, शेतात जायला वाट मागण्याचा. शेतकऱ्याला शेतात जायची वाजवी गरज किती, हे तहसीलदाराने बघायचं. निकाल पटला नाही तर वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. मला बांधावरून वाट मिळाली, पण मधे दोन हंगाम गेले. आणि जुनी वाट सरळ होती, ही तीन ठिकाणी वळते. भरलेली ट्रॉली वळवताना अजून शेजाऱ्याच्या आणि माझ्या दोघांच्याही तोंडात शिव्या येतात.

२०२५ साली शासनाने निर्णय काढला की शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत घ्यावी. निर्णय चांगला आहे. बैलगाडीच्या काळातली पायवाट हार्वेस्टरला पुरत नाही हे सरकारला कळलं. पण नोंद तुमच्या गावी आपोआप होईल असं धरून बसू नका. मागणारा लागतो.

तेव्हा एवढं करा. ह्या उन्हाळ्यात, शेतं मोकळी असताना, भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या आणि चार जण मिळून तुटक रेघांवरून चालून या. जिथे रेघ आहे आणि वाट नाही तिथे खूण करा. कोणी आजच अडवली असेल तर तारीख लिहून ठेवा, सहा महिने त्या दिवसापासून मोजायचे. वाटणीपत्र करणार असाल तर विहिरीच्या आधी वाट लिहा. आणि ज्याच्या शेतातून तुम्ही जाता त्याच्याशी भांडायला म्हणून जाऊ नका, तोही उद्या कुणाच्या तरी शेतातून जाणार आहे.

आमच्या गावचा नकाशा मी बरोबर आणलाय. मंडपाच्या दाराशी बाजेवर पसरून ठेवलाय. तुटक रेघ कशी दिसते ते ज्यांना बघायचं असेल त्यांनी जेवायला जाताना बघून जा.