तापीच्या मुखावरील सुरत
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या मंडळातील कितीतरी कुटुंबे आज पोटापाण्यासाठी उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थायिक झाली आहेत. लग्नसराई आली की इकडची मंडळीही बस्ता बांधण्यास सुरतेची वाट धरतात. साड्यांचे गठ्ठे येतात. पण सुरत पाहून आलेला मनुष्य विरळा!

वस्तुतः सुरत आपणांस परकी नाही. जी तापी चांगदेवाशी पूर्णेला भेटते आणि प्रकाशाचे घाट धुऊन पुढे जाते, तीच सुरतेच्या किल्ल्याला वळसा घालून समुद्रास मिळते. मोगल अमदानीत बऱ्हाणपूरचा माल खानदेशातून, नंदुरबारवरून, याच बंदरास जाई.

चौक बाजारातील किल्ला प्रथम पाहावा. पोर्तुगीजांच्या उपद्रवास आळा बसावा म्हणून सोळाव्या शतकाच्या मध्यास गुजराथच्या सुलतान महमुदाच्या आज्ञेने खुदावंदखानाने तो बांधविला. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज शहरावर आले, तेव्हा तेथील अधिकारी इनायतखान रयतेला वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दडून बसला. पाठ्यपुस्तकांत लुटीची मोजदादच अधिक असते. परंतु मोगलांची एवढी धनाढ्य पेठ तिच्या रक्षकानेच अनाथ केली, हे त्या भिंतीपाशी उभे राहिल्यावर खरे उमगते. १६७० मध्ये महाराज पुन्हा आले आणि परतताना वणी-दिंडोरीस मोगलांशी मोठी लढाई झाली.

जवळच १६४४ ची मोगलसराई आहे. हाजच्या यात्रेकरूंचा तो मुक्काम. आज तेथे महानगरपालिकेची कचेरी भरते.

इंग्रज व डच यांची कबरस्थाने मात्र चुकवू नयेत. १६६४ साली इंग्रजांची वखार लढवून राखणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये वारला. त्याच्यावर घुमटांची भव्य वास्तू आहे. डचांकडे व्हॅन रीड निजला आहे. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविणारा हा गृहस्थ १६९१ मध्ये निवर्तला. हयातभर तराजू धरणाऱ्यांनी मरणोत्तर नबाबी थाट करावा, याची मौज वाटते. असो.

१६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईस नेले, तापीचे मुख गाळाने भरत गेले आणि सुरतेचे बंदर मागे पडले.

त्या वैभवाच्या मार्गाची दुसरी बाजूही मुलांच्या कानी घालावी. १६३० च्या दुष्काळात पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून खानदेशमार्गे आग्र्यास निघाला. वाटेत पसरलेली प्रेते आणि भुकेने गांजलेली माणसे यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. ती आपल्याच मुलखातील माणसे होती. त्यांच्यावर घुमट नाहीत, दगडही नाही.

जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून रेल्वेने निघाल्यास गाडी बरीचशी त्याच जुन्या मार्गाच्या आसपास धावते. उजेडाची गाडी धरावी आणि मुलांना खिडकीपाशी बसवावे.