'एक जखम सुगंधी' : मराठी गझलेचें गाणें

मराठी गझल वाचणारे रसिक पुष्कळ आहेत. ती गातांना गझलच राहावी अशी काळजी वाहणारे गायक मात्र थोडे. अमरावती जिल्ह्यांतील आष्टगांव येथें १९५१ सालीं जन्मलेले भीमराव पांचाळे हे त्या थोड्यांपैकीं अग्रगण्य होत. त्यांच्या गायनाचें मर्म कोठें सांपडेल असें कोणी विचारल्यास 'एक जखम सुगंधी' ही त्यांची ध्वनिमुद्रिका श्रोत्यांनीं अवश्य ऐकावी.

गझलेची अडचण तिच्या घडणींतच आहे. भावगीतांत एकच भाव कडव्याकडव्यानें फुलत जातो आणि चालही त्याच्यासवें फुलूं शकते. गझलेंतील प्रत्येक शेर म्हणजे दोन ओळींची स्वतंत्र कविता. एक शेर प्रेमाचा, तर पुढचा समाजावर कोरडा ओढणारा. चाल मात्र दोघांना एकच. तेव्हां चाल फार नटली कीं शेर तिच्याखालीं दबलाच म्हणून समजावें. माधव जूलियन यांनीं 'गज्जलांजली'च्या (१९३३) द्वारें हीं वृत्तें मराठींत रुजविलीं, पण शेराचें स्वातंत्र्य खऱ्या अर्थानें प्रस्थापित केलें तें अमरावतीच्याच सुरेश भटांनीं (१९३२–२००३). भटांच्या रचना घरोघर पोंचल्या त्या बव्हंशी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींमुळें. त्या चालींच्या माधुर्याविषयीं दुमत नाहीं. परंतु तेथें ओठांवर आधीं चाल येते आणि शेर मागाहून शोधावा लागतो, हेंही नाकारतां येत नाहीं.

पांचाळे यांनीं हा क्रम उलटविला. मुद्रिकेचें नांव इलाही जमादार (१९४६–२०२१) यांच्या 'अंदाज आरशाचा' या गझलेंतील एका शेराची आठवण करून देतें. कवि सांगलीकडील दुधगांवचे, गळा वऱ्हाडचा. या गझलेचा रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या अंतीं परतून येणारा शब्द, आहे 'असावा'. हें क्रियापद निश्चयाचें नव्हे, तर्काचें आहे. त्याच्या अलीकडे यमकाचा शब्द, म्हणजे काफिया. पहिल्याच शेरांत 'खरा' आणि 'चेहरा' हे दोन काफिये येतात. एवढें कानीं पडलें कीं जाणत्या श्रोत्याचा तर्क धांवूं लागतो: पुढच्या शेरांत कोणता शब्द येणार? गझल गाण्याची सारी कला या प्रतीक्षेंत आहे. काळजाच्या जखमांना सुगंध कसा आला, असा प्रश्न त्या शेराची पहिली ओळ टाकते. गायकानें ती ओळ पुन्हां पुन्हां घोळवावी, दर वेळीं स्वरांची छटा थोडी बदलावी, आणि मग दुसरी ओळ काफियाच्या उंबरठ्यावर आणून क्षणभर थांबवावी. घाव घालणारा कोण, तर 'मोगरा'! हा शब्द येतांच श्रोत्याच्या तोंडून दाद निघते ती शब्दालाच. आणि ती तशी निघावी म्हणूनच पांचाळे तानेचा मोह आवरतात. शास्त्रीय संगीताची बैठक असलेल्या गायकाला हा संयम सोपा नसतो.

शेराला स्वातंत्र्य देणारे भट आणि गझल अशी गाणारे पांचाळे, दोघेही एकाच जिल्ह्यांतले, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. पुढें १८५३ पर्यंत वऱ्हाडचा कारभार निजामाकडे. अकोल्याकडील बाळापूर असो वा अमरावतीकडील अचलपूर, या गांवांतून उर्दू ही पिढ्यान्‌पिढ्या मराठीची शेजारीण राहिलेली आहे. शेर ऐकून वाट पाहण्याची, आणि वेळीं दाद देण्याची, संवय वऱ्हाडी कानाला त्या शेजारांतून लागली असल्यास नवल तें काय!

मुद्रिकेंत एक उणीव आहे, आणि ती गायकाची नव्हे. मैफलींत ओळ तिसऱ्यांदा येते तेव्हां सभोंवार हुंकार उठतात, कोणी पुढचा शब्द आधींच पुटपुटतो, आणि त्या गर्दींत प्रतीक्षा गोड होते. घरीं एकट्यानें ऐकणाऱ्यास तीच आवर्तनें क्वचित्‌ लांबल्यासारखीं वाटतील. शिवाय रागविस्ताराच्या अपेक्षेनें बसणारा श्रोता कांहींसा उपाशी राहील. त्यावर उपाय एवढाच कीं ही मुद्रिका एकट्यानें न ऐकतां चार माणसें जमवून ऐकावी, आणि ज्याला गझल पाठ नाहीं असा निदान एक तरी त्यांत असावा. 'मोगरा' येईल तेव्हां त्याच्या चेहऱ्याकडे पाहावें.