प्रयोगशाळेचे सोवळे



मुलाने अथवा मुलीने शाळेत जीवशास्त्र हा विषय घेतला, की घरातील वडीलधारी मंडळी एकच स्वप्न पाहू लागतात: डॉक्टरकीचे. ते दार उघडले नाही, तर विद्यार्थी जीवशास्त्राची पदवी घेतो आणि पदवीपत्र हाती पडल्यावर ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न सर्व घराला पडतो. वास्तविक लसी, रक्तजले, प्रतिजैविके, रोगनिदानाची द्रव्ये, सुधारित बियाणे ही सारी निर्माण करण्यास आणि पारखण्यास हजारो शिकलेले हात लागतात. एकीकडे कामाविना पदवीधर आणि दुसरीकडे योग्य माणसाविना काम, असे का व्हावे? या प्रश्नाचा उलगडा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका घटनेत बराचसा होतो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. त्या वेळी वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ हिंदुस्थानात होते. ओदेसा येथे १८६० मध्ये जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले हाफकिन पटकीची लस टोचण्यासाठी १८९३ मध्ये येथे आले होते. मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात थोडीशी जागा मिळाली. साहाय्याला होते एक कारकून आणि तीन शिपाई. अशा तुटपुंज्या साधनांनिशी त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

या लसीची कृती ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या निर्जंतुक रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत आणि त्यात प्लेगचे जंतू सोडीत. त्या थेंबांना धरून जंतूंच्या वाढीचे झुंबरासारखे लोलक खाली उतरत. चंबू हलविला की ते तुटून तळाशी बसत आणि पुन्हा नवी वाढ सुरू होई. असे काही आठवडे गेल्यावर उष्णता देऊन जंतू मारीत व ते मिश्रण बाटल्यांत भरीत. या कृतीत बुद्धी एकाची असली, तरी चंबू हलविणारे, ताप मोजणारे, बाटलीला बूच लावणारे हात अनेकांचे होते. त्या हातांना शिकविल्यावाचून लस निर्माण होणे शक्य नव्हते. १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले आणि १९३२ मध्ये साहिबसिंग सोखे तिचे पहिले भारतीय संचालक झाले.

आता ती घटना. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ लोकांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण पुढे धनुर्वाताने मरण पावले. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. चौकशी मंडळाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेकडे दिला आणि हाफकिन यांना आपले पद गमवावे लागले. परंतु पुराव्यात आणखी एक गोष्ट नमूद होती. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढण्यात आले होते. शिवाय, बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी येत नव्हती, अशी साक्ष होती. मुंबईतच त्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरून आठवडेच्या आठवडे वाढत असते, तर ती गंधरहित राहिली नसती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी त्यांच्यावरचा ठपका दूर झाला आणि ते पुन्हा हिंदुस्थानात कामावर रुजू झाले. मात्र ते १९ जीव परत यावयाचे नव्हते.

या कथेतील साहाय्यकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण खरा प्रश्न निराळा आहे. पडलेला चिमटा धुळीने माखलेला नसला, डोळ्यांना स्वच्छ दिसत असला, तरी तो घातक असू शकतो, हे त्याला कोणी समजावून सांगितले होते काय? आज्ञा देणे आणि शिकविणे यांत अंतर आहे. आज्ञा गर्दीत, घाईत विसरली जाते. समजलेले कारण सहसा विसरले जात नाही.

आपल्या घरांतून सोवळ्याची कल्पना सर्वांच्या परिचयाची आहे. नैवेद्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईचा हात चुकून दुसऱ्या वस्तूला लागला, तर कोणी पाहिले नसले तरी ती पुन्हा हात धुते. प्रयोगशाळेलाही नेमके हेच हवे असते: कोणी पाहत नसताना पाळलेला नियम. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे आणि तो लक्षात ठेवला पाहिजे. घरातले सोवळे परंपरेने चालते आणि त्याच्या नावाखाली कित्येकदा माणसाला दूर ठेवले गेले. प्रयोगशाळेचे सोवळे कोणाची जात वा कूळ विचारीत नाही. जंतूंना ते भेद ठाऊक नाहीत. तेथील प्रत्येक नियमाला कारण असते आणि तो पाळला गेला की नाही, याची परीक्षाही घेता येते.

आजच्या लस-कारखान्यात ही परीक्षा कशी होते पाहा. कर्मचारी खऱ्या औषधाऐवजी जंतूंना पोषक असा द्रव बाटल्यांत भरतो. भरण्याची सर्व क्रिया नेहमीप्रमाणेच होते. मग त्या बाटल्या साधारणपणे १४ दिवस ऊबेत ठेवतात. द्रव स्वच्छ राहिला, तर हात व पद्धती निर्दोष. गढूळ झाला, तर कोठे तरी चूक झाली. येथे पदवीची श्रेणी कोणी पुसत नाही, बाटलीच उत्तर देते. त्याचबरोबर प्रत्येक कृतीची वेळ, तापमान आणि करणाऱ्याची सही त्याच क्षणी नोंदवावी लागते. नोंद नाही ते घडलेच नाही, असे तेथे मानतात. हाफकिन यांना अखेर न्याय मिळाला तोही पुराव्यातील बारीकसारीक नोंदींच्याच आधारे.

केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला. त्या दशकात पुणे व बडोदे यांसारख्या विद्यापीठांतून या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. २०२१ मध्ये पुणे आणि हैदराबाद येथे बनलेल्या लसी देशभर टोचण्यात आल्या, तेव्हा या विद्येचे मोल सर्वांना कळले. गोव्यात तर पणजीची वैद्यकशाळा १८४२ पासूनची, आणि वेर्णे येथे आज औषधांचे कारखाने उभे आहेत. संधी दाराशी आहे. तिला सामोरे जाणारे शिक्षण मात्र पुष्कळ ठिकाणी वहीतच राहते. एका सूक्ष्मदर्शकाभोवती दहा विद्यार्थी उभे राहतात, एकजण काम करतो आणि उरलेले निष्कर्ष उतरवून घेतात. न केलेल्या प्रयोगाची सुवाच्य नोंद करण्याची सवय येथेच लागते, आणि पुढे कारखान्यात हीच सवय प्राणघातक ठरू शकते.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. त्याचा लाभ जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही मिळवून द्यावा. सुटीतील काही आठवडे प्रत्येक विद्यार्थ्याने, आणि शिक्षकानेही, एखाद्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वा कारखान्यात घालवावेत. कामाच्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात. त्यांचा अर्थ आणि कारण शिकणाऱ्याच्या मातृभाषेत उलगडून सांगावे. आज्ञा परभाषेत पाठ करता येते, कारण मात्र स्वभाषेत मनात उतरते. गोवा असो, बेळगाव असो, इंदूर वा हैदराबाद असो, मराठी शिक्षकांना हे कार्य घरबसल्या आरंभिता येईल.

अखेरची विनंती शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थांना व दात्यांना आहे. वर्धापनाच्या मंगल प्रसंगी गुणवंतांचा सत्कार होतो, ते उचितच आहे. त्या सत्कारात डॉक्टर आणि अभियंता यांच्या पंक्तीला रक्ततपासणी शिकणारी मुलगी आणि बाटल्या भरण्याचे तंत्र शिकणारा मुलगा यांनाही बसवावे. एकाचा हात दुसऱ्याच्या विद्येला तारतो अथवा मारतो, हे मुल्कोवालच्या त्या चिमट्याने शिकविले आहे. जमिनीवर पडलेली वस्तू कोणी पाहत नसतानाही बाजूला ठेवणारा आणि ती का ठेवली हे सांगू शकणारा तरुण ज्या शाळेतून बाहेर पडेल, त्या शाळेने जीवशास्त्र शिकविले असे खुशाल म्हणावे.