बागेची कड केव्हा बांधावी?

घरापुढे बाग करताना काँक्रीटची कड पुष्कळदा घाईने बांधली जाते. मग पाइपसाठी तीच फोडावी लागते, नाहीतर मातीच्या ट्रॅक्टरखाली तिचा कोपरा उडतो. म्हणून आधी पाइप आणि जड वाहतूक उरकावी, मग कड करावी; रोपे व हिरवळ शेवटी.

नांदेड-लातूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम भरावा आणि पाणी मारून धुमसाने चोपावा. कडेत ठरावीक अंतरावर सांधे सोडावेत, म्हणजे तडा सांध्यातच जातो.

उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीट किमान 10 दिवस ओले ठेवावे, पीपीसी सिमेंट असल्यास 14 दिवसांपर्यंत, असे भारतीय मानक 456 सांगते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात हे काम मे महिन्यात काढू नये, दिवाळीनंतर काढावे. कडेवर ओले बारदान अंथरून वर प्लास्टिक झाकले, की थोडक्या पाण्यात भागते. तेवढे दिवस कडेवरून हातगाडीही नेऊ नये. पंधरवडाभर राखलेली कड पुढे बागेला राखते.